बाबांचा हिसका आणि पाचवं शील

माझे बाबा आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, आणि दापोडीत त्यांच्याइतका बदनाम दारुडा दुसरा झाला नाही. मी वाढवून सांगते असं माझ्याबद्दल बोललं जातं. सांगतेच. पण हे वाक्य तेवढं जसंच्या तसं घ्या.

सगळा दोष हिसक्याचा. आमच्या घरात त्याला हिसकाच म्हणत. बाबांची मान अचानक डावीकडे उडायची, पाठोपाठ उजवा हात, जणू मागून कुणी सदरा धरून ओढलं. बाबांनी चहाचा कप उचलला की शेजारची तीन घरं छत्र्या उघडायची. ते दाढीला बसले की आई तुरटीचा खडा घेऊन दारात उभी. बँकेत त्यांची सही दर महिन्याला निराळी यायची, खिडकीतला माणूस म्हणायचा, "आज कोण आलंय?"

हा हिसका आजोबांकडून आलेला. आजोबा नागपूरला दीक्षा घेऊन घरी आले त्या दिवशी त्यांनी दारूचं नाव टाकलं. पुढं खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा ते आधी हुंगून मगच उंबऱ्याच्या आत घेत. त्यांचा हिसका बाबांना आला, माझ्या आत्याला आला, आणि बाबांचा मला. तिसरीत असताना बाईंनी मला फळ्यावर सरळ रेघ मारायला सांगितली. मी मुळा-मुठेचा संगम काढला.

नव्वदच्या दशकात सगळीकडे कारखाने हलके व्हायला लागले. बाबांच्या कारखान्यातही स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. यादीत पहिलं नाव बाबांचं. स्वेच्छा कुणाची हे विचारायचं नसतं. साहेबांनी हार घातला, "आता तब्येत सांभाळा," म्हणाले, आणि अंगठा हळूच तोंडाकडे नेऊन दाखवला. बाबा स्टोअरकीपर होते. इतक्या वर्षांत एक नट इकडचा तिकडे झाला नव्हता, पण त्या अंगठ्यापुढं नटाचा काय पाड!

तेही बाबांनी गिळलं, कारण त्यांच्याकडे विहार होता. वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना बाबा सांगायचे. ते पुढं म्हणणार, मागून सगळी वस्ती म्हणणार. आवाज असा की रेल्वेच्या रुळापलीकडची कुत्रीसुद्धा खाली बसत. मग पाच शीलं: हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चालीनं वागणार नाही, खोटं बोलणार नाही. आणि पाचवं, नशापाणी करणार नाही. पाचवं आलं की मागच्या रांगेत खोकल्याची साथ यायची. बाबांची मान उडायची, खोकला वाढायचा. बाबा शील पुरं करायचे.

मग विहाराला नवीन फरशी आली, माइक आला, आणि नवीन अध्यक्ष आले. बँकेतून निवृत्त झालेले, पांढरी पँट, पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. एके रविवारी वंदनेनंतर त्यांनी बाबांना बाजूला घेतलं.

"आपण खूप वर्षं सेवा केलीत. आता विश्रांती घ्या."

"मी दमलो नाही."

"तसं नाही हो. बाहेरचे पाहुणे येतात, शूटिंग होतं. पाचवं शील सांगणारा माणूस कसा... स्थिर हवा."

बाबा घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यानंतर दर रविवारी ते विहाराच्या दाराबाहेर, चपलांच्या शेजारी उभे राहून वंदना म्हणायचे. माइकपेक्षा मोठ्यानं. मला एकदाच म्हणाले, "नोकरी गेली, जाऊ दे. मला येत्या बुद्धपौर्णिमेला तिथं पुढं बसायचंय. नाहीतर मी मरेन तेव्हा लोक म्हणतील, दारुडा गेला." त्यांना जगाकडून हवं होतं ते एवढंच.

मी तेव्हा हिंजवडीत लागले होते. कंपनीच्या बसनं दीड तास जायचं, दीड तास यायचं. वाकडच्या चौकात बस इतकी थांबायची की दोन लग्नं त्या बसमध्ये जुळली, आणि एक मोडलंही. माझं काम टेस्टिंगचं. इतरांनी सॉफ्टवेअर लिहायचं, मी ते पाडायचं. या कामासाठी माझ्याइतका लायक माणूस पृथ्वीवर नव्हता. शहाण्या माणसाचं बोट जिथं कधी पडणार नाही तिथं माझं हिसक्यानं पडायचं. एका हिसक्यात मी सातासमुद्रापारच्या विमा कंपनीचं अख्खं पान उलथं पाडलं होतं. मॅनेजर विचारायचे, "असं कोण दाबेल?" मी म्हणायची, "मी दाबलं ना!"

प्रोजेक्ट संपल्याची पार्टी बाणेरला झाली. तिथं मी बिअर प्यायले. उगाच कारणं देत बसत नाही. इतकी वर्षं नाव आमचंच खराब होतं, म्हटलं चव तरी कळू दे. कडू होती. अर्धा ग्लास संपला, आणि थोड्या वेळानं मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. घरातला पंखा अचानक बंद पडला की आधी त्याचा आवाज होता हे कळतं ना, तसं. मान गप्प. हात गप्प. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, काठोकाठ भरलेला, आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. एक थेंब सांडला नाही. मग सात ग्लास नेले. वेटर मला नोकरी द्यायला तयार झाला. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण जन्मात पहिल्यांदा मी आरशात एका जागी होते.

दुसऱ्या दिवशी हिसका परत हजर. बिअरचं मी घरी सांगितलं नाही, पण आई-बाबांना हट्टानं सदाशिव पेठेतल्या एका मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर, शब्द मोजून देणारे. त्यांनी बाबांना चालायला लावलं, लिहायला लावलं, ओंजळीत पाणी धरायला लावलं. मग मला. आणि मग विचारलं, "दारू घेतल्यावर थांबतं का?"

बाबा खुर्चीतून उठलेच. "डॉक्टर, तुम्हीपण?"

"बसा. थांबतं की नाही एवढंच विचारलंय. चारित्र्याचा दाखला मागितलेला नाही."

"मी कधी घेतलीच नाही!"

"मग तुम्हाला कसं माहीत असणार?" असं म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. आईच्या नजरेला आजवर कुठलंही छत पुरलेलं नाही. बाबा बाहेर पाणी प्यायला गेले तेवढ्यात मी दोघांसमोर कबुली दिली, आणि डॉक्टर पहिल्यांदा हसले.

"हा एक फार थोड्या घरांत दिसणारा आजार आहे. दारूनं तात्पुरता थांबतो. जे प्यायलेले दिसतात ते प्यायलेले नसतात म्हणून तसे दिसतात. औषध म्हणून घ्यायची नाही हं. उतरली की दुप्पट होऊन येतं, आणि मग सवय लागते ती वेगळीच. गोळ्या देतो."

मग त्यांनी विचारलं, बाबांना भाऊबहीण? मी म्हटलं, नागपूरला आत्या आहे, तिलाही आहे. तिची मुलं? तिघंही ठणठणीत. नागपूरकडं सगळे म्हणतात, तिकडच्या उन्हानं हिसका जळून गेला. डॉक्टर म्हणाले, "ऊन नाही. आत्या बाई आहेत म्हणून."

आता हे मी माझ्या भाषेत सांगते, कारण डॉक्टरांच्या भाषेत सांगायला बसले तर आपण पौर्णिमेपर्यंत पोचणार नाही. मेंदूच्या प्रत्येक पेशीत तेच एक जाडजूड पुस्तक असतं. प्रत्येक ओळीच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची. एरवी दोन्ही चालतात. एक बिघडली तर दुसरी सांभाळून घेते. पण काही मोजक्या ओळींना वेगळा कायदा. आमची ओळ त्यांतली. तिथं आईकडून आलेली प्रत जन्मापासून बंद ठेवलेली असते, आणि बोलते फक्त बापाकडची. आम्ही कोड लिहिणारे एखादी ओळ नको असली तर खोडत नाही, तिच्यापुढं दोन रेघा मारतो. ओळ दिसते, चालत मात्र नाही. निसर्गानं तेच केलंय. आणि पुढच्या पिढीत त्या रेघा पुसून नव्यानं मारतो, देणारी बाई आहे की पुरुष हे बघून. आत्याच्या मुलांपैकी कुणाला बिघडलेली ओळ मिळाली असेलही. पण ती आईकडून आली, म्हणून तोंड बंद.

माझ्या आईनं हे सगळं पदर सावरून ऐकलं. बाबा परत आले होते. आईनं विचारलं, "म्हंजे पोरीले मी देल्ली ते ओळ चांगली होती?"

"अगदी चांगली."

"अन् तेच बंद?"

"हो."

"अन् यायची," आईनं बाबांकडे बोट केलं, "बिघडलेली, ते चालू?"

"हो."

"काहून वो डॉक्टर? घरात मायं कोनी आयकत नाही ते नाही, आता पोरीच्या डोक्यातबी?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, याला माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडेच नाही." मला वाटतं सदाशिव पेठेच्या इतिहासात हे वाक्य त्या एकाच वेळी उच्चारलं गेलं असेल.

मी विचारलं, "आणि माझी मुलं?"

"निम्म्यांना ओळ जाईल. पण तुमच्याकडून गेली तर रेघा मारून जाईल. हिसका दिसणार नाही. नातवंडांचं मात्र ओळ तुमच्या मुलाकडून जाते की मुलीकडून यावर."

परतताना बसमध्ये आई मला म्हणाली, "माह्यासारकीच होशील तूबी. बंद करून देशील." आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी पुणे स्टेशनापर्यंत गप्प, आणि मी न बोलण्याची नोंद आमच्या घरात दुष्काळासारखी होते.

आमचं रक्तही तपासायला बाहेरदेशी गेलं, काही महिन्यांनी त्याचं उत्तर डॉक्टर म्हणाले होते तसंच आलं. पण पौर्णिमा त्याच्या आधी होती. म्हणून बाबांनी डॉक्टरांकडून पत्र घेतलं, कडक इस्त्रीचा सदरा घातला आणि अध्यक्षांना नेऊन दिलं. पत्र इंग्रजीत. अध्यक्षांनी ते बँकेच्या सवयीनं वाचलं, म्हणजे मधला मजकूर सोडून एकच शब्द शोधत. आणि तो सापडला. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की हा आजार अल्कोहोलनं तात्पुरता कमी होतो. अध्यक्षांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि अख्ख्या समितीला दाखवलं.

"बघा. मी म्हणत नव्हतो? डॉक्टरनंसुद्धा लिहून दिलंय."

बाबांनी ते पत्र घरी आणून उशीखाली ठेवलं. पौर्णिमेला आठ दिवस उरले होते. बाबांना मी म्हटलं, अहो, तुम्ही चार माणसांसमोर दोन घोट घ्या, हात थांबलेला दाखवा, विषय संपला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी केलेल्या सगळ्या चोऱ्या मला आठवल्या. "पीत नाही हे दाखवायला पिऊ?" ते म्हणाले. बरोबर होतं. हिशेबच तसा उलटा बसला होता: त्यांना निर्दोष ठरायचं तर आधी गुन्हा करावा लागणार होता.

मग मी ठरवलं, गुन्हा मी करायचा. तोही अर्धा झालेलाच होता.

अध्यक्ष आणि त्यांचे सचिव यांना मी रविवारी दुपारी चारला घरी चहाला बोलावलं. कारण सांगितलं, विहाराला पंखे द्यायचेत. पंखा म्हटल्यावर समित्या पळत येतात. बाबांना काही सांगितलं नव्हतं. आईला सगळं सांगितलं होतं, आणि मी घाबरत होते तशी ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "किती लागन?"

पहिला चहा मी कोरडी असताना नेला. कप तीनच. पण माझ्या हातात तीन कप म्हणजे तीन तोफा. पहिला अध्यक्षांच्या पांढऱ्या पँटवर, दुसरा सचिवांच्या बिस्किटांवर, तिसरा कुठं गेला हे आजतागायत सापडलेलं नाही. अध्यक्ष उठून उभे राहिले. "अहो, हिला काय..." आणि शब्द गिळून बाबांकडे बघायला लागले. चेहऱ्यावर लिहिलेलं होतं: पोरगीपण?

"बसा हो," आई म्हणाली. "दुसरा टाकतो."

स्वयंपाकघरात आईनं माझ्या ऑफिसच्या बॅगेतली रमची चपटी काढली आणि खोकल्याच्या औषधाच्या मापानं दोन मापं मोजली. हात असा स्थिर की बघत राहावं. शेवटी चांगली ओळ तिचीच. मी गिळली, ठसका लागला, आईनं पाठीवर थापटलं. मग आम्ही दोघी ओट्याला टेकून थांबलो. बाहेर अध्यक्ष बाबांना विजेचं बिल समजावत होते. वीस मिनिटांनी मी हात पुढं केला. हलला नाही.

या वेळी सहा कप घेतले. काठोकाठ. ट्रे खांद्याच्या वर, एका हातावर. दारातून वाकून, सचिवांच्या पायावरून, टीपॉयला वळसा घालून, आणि खोटं कशाला बोलू, वाटेत एक गिरकीही घेतली. बशीत थेंब नाही. अध्यक्षांनी कप घेतला, खाली बशी पाहिली, वर मला पाहिलं, आणि त्यांचं नाक हललं.

"वास येतोय."

"येणारच. मी प्यायलेय."

खोलीत पंख्याचासुद्धा आवाज थांबला. वीज गेली होती, पण योग्य वेळी गेली.

"मघाशी प्यायले नव्हते तेव्हा तुमची पँट भिजवली. आता प्यायलेय तर ट्रे डोक्यावर घेऊन रेल्वे स्टेशनापर्यंत जाऊन दाखवते. आता बाबांच्या जवळ या. या, लाजू नका. वास घ्या."

बाबांचा हात त्याच क्षणी उडाला आणि त्यांचा कप भिंतीवर गेला. अध्यक्ष खरोखरच वाकले. अनिच्छेनं, पण वाकले, हुंगलं. साबणाचा वास आला असेल, फार तर सुपारीचा.

सचिव ओल्या बिस्किटाकडे बघत म्हणाले, "साहेब, पत्रात हेच लिहिलं होतं की काय?"

अध्यक्षांनी खिशातली दोन्ही पेनं काढली आणि परत खोचली. माणूस वाईट नव्हता. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर चूक कबूल करायचा फॉर्म कुठं मिळतो हे विसरला होता, इतकंच. शेवटी म्हणाले, "पौर्णिमेला आपणच पुढं बसा. आमचा गैरसमज झाला."

मी आनंदानं ट्रे खाली ठेवला. बाबांनी मात्र अध्यक्षांकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"काहून केलंस?"

"तुमच्यासाठी."

"मी सांगितलं होतं?"

तेवढ्यात अध्यक्षांना बळ आलं. "ते खरंय. मुलीनं असं करायला नको होतं. आपण या, पण हिला त्या दिवशी विहारात... म्हणजे मागं कुठंतरी... लोक काय म्हणतील? उघड पितेय म्हणते."

बाबा उठले. मान उडाली, हात उडाला, आणि बाबा अध्यक्ष आणि सचिवांच्या मधोमध सरळ उभे राहिले.

"शीलं किती?"

"पाच," अध्यक्ष म्हणाले.

"हिनं पाचवं मोडलं. त्याचं मी आणि ती बघून घेऊ. पण प्यायली ते तुमच्या तोंडावर सांगितलं. चौथं राखलं. तुम्ही काय केलंत? न पिणाऱ्याला वर्षभर दारुडा म्हणालात. चौथं रोज मोडलंत, माइक लावून. आता मागं कुणी बसायचं, तुम्हीच ठरवा. मी पुढं बसेन तर ही माझ्या शेजारी बसेल. नाहीतर चपलांपाशी जागा आहे मला, मोठी आहे, दोघं मावतो."

अध्यक्षांनी चहा संपवला. पूर्ण संपवला, आणि कप स्वतः आत नेऊन ठेवला. आई सांगते की तो त्यांनी विसळलाही. पण एवढं तर मीसुद्धा वाढवून सांगणार नाही.

ते गेल्यावर बाबा माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घे." ती चपटी आईनं मोरीत ओतली. मी पुन्हा हात लावला नाही. ऑफिसच्या पार्ट्यांत सरबत सांडत फिरते.

पौर्णिमेला विहार भरला होता. बाहेरचे पाहुणे होते, शूटिंगवाला होता. बाबा पुढं बसले, मी त्यांच्या शेजारी. गोळ्यांनी थोडा फरक पडला होता, फार नाही; बाबांच्या पहिल्याच हिसक्यात माइक खाली गेला, माझ्या हिसक्यात मेणबत्ती विझली. शूटिंगवाल्यानं कॅमेरा आमच्यावरून फुलांवर नेला. पहिली चार शीलं झाली. पाचवं आलं. बाबांची मान जोरात उडाली आणि मागं कुणीतरी खोकलं.

बाबा थांबले. मागं वळले नाहीत. पाचवं शील पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणाले. वस्तीला पुन्हा म्हणावं लागलं. परत एक खोकला आला, आधीपेक्षा बारीक. बाबांनी तिसऱ्यांदा सुरू केलं, माइकशिवाय, रुळापलीकडं जाईल अशा आवाजात. या वेळी शेजारी मी म्हटलं, पलीकडे आईनं म्हटलं, आणि मागं अध्यक्षांचा घसा मला स्पष्ट ऐकू आला. खोकला आला नाही. तरी बाबांनी जरा वेळ वाट पाहिली, आणखी कुणाला काही म्हणायचंय का, म्हणून.